हेडर फायलींचे अवलंबित्व (लिनक्स कर्नेल)

सी भाषेतील एखादी स्रोत फाइल कंपाइल होण्यासाठी ज्या ज्या हेडर फायली प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे वाचाव्या लागतात, त्यांच्या परस्परसंबंधांस हेडर फायलींचे अवलंबित्व असे म्हणतात. लहान आज्ञावल्यांमध्ये हा विषय सहसा जाणवत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, मात्र बांधणीस लागणारा वेळ, निरनिराळ्या प्रोसेसरांवरील शुद्धता आणि नव्या सुविधा जोडण्याची सोय या तिन्ही बाबी त्यावर अवलंबून असतात. लिनक्स कर्नेल हे याचे ठळक उदाहरण आहे. २०२२ च्या प्रारंभी त्यातील मुख्य हेडर फायलींची संख्या सुमारे दहा हजार होती. प्रस्तुत लेखात मुख्यतः लिनक्स कर्नेलचाच विचार केला आहे.

अवलंबित्व चुकीचे असले तरी आज्ञावली बहुधा कंपाइल होते, हे या विषयातील मूळ दुखणे होय. एखाद्या फाइलने स्वतःला लागणारी घोषणा थेट न मागवता दुसऱ्या हेडरच्या आडून मिळवली, तर कंपायलर त्याची दखल घेत नाही. ही उसनवारी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि मधले हेडर कोणी सुधारावयास गेले की त्याच्याशी वरवर काहीही संबंध नसलेल्या शेकडो फायली एकदम मोडतात. कर्नेलमध्ये झालेल्या हेडर-सफाईच्या बहुतेक मोठ्या मोहिमा म्हणजे अशा अलिखित करारांना लिखित रूप देण्याचे प्रयत्न होते.

समावेशाची पद्धत

सी भाषेत हेडरसाठी मॉड्यूलसारखी स्वतंत्र रचना नाही. '#इन्क्लूड' ही सूचना प्रीप्रोसेसर अक्षरशः पाळतो: त्या ओळीच्या जागी दुसऱ्या फाइलचा संपूर्ण मजकूर आणून ठेवतो. त्या मजकुरात पुन्हा '#इन्क्लूड' असल्यास तेही उलगडले जाते. कंपायलरच्या हाती अखेर एक सलग, लांबलचक मजकूर येतो. त्यातील कोणती घोषणा कोणत्या फायलीतून आली याला भाषेच्या नियमांत काहीही महत्त्व नसते.

याचा पहिला परिणाम श्रमाचा आहे. तीनशे ओळींचा एखादा चालक, म्हणजे ड्रायव्हर, कंपाइल करताना कंपायलरला प्रत्यक्षात हजारो ओळी वाचाव्या लागतात. तोच मजकूर शेजारच्या फाइलसाठी तो पुन्हा पहिल्यापासून वाचतो, कारण प्रत्येक स्रोत फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते. एका लोकप्रिय हेडरमध्ये वाढलेली एक ओळ अशा प्रकारे हजारो वेळा वाचली जाते.

दुसरा परिणाम वर सांगितलेल्या उसनवारीचा. 'क.सी' या फाइलने 'ख.एच' मागवले आणि 'ख.एच'ने 'ग.एच' मागवले, तर 'ग.एच'मधील सर्व नावे 'क.सी'ला आपोआप मिळतात. 'क.सी'च्या लेखकाला 'ग.एच' अस्तित्वात आहे हेही ठाऊक असण्याची गरज नसते. पुढे 'ख.एच'च्या देखभालकर्त्याने 'ग.एच' अनावश्यक म्हणून काढून टाकले की 'क.सी' मोडते. अशा वेळी दोष मात्र सफाई करणाऱ्याच्या माथी येतो.

एकच हेडर दोनदा वाचले जाऊन व्याख्यांची पुनरुक्ती होऊ नये म्हणून त्याच्या संपूर्ण मजकुराभोवती '#इफएनडेफ' ही अट घातली जाते. तिला समावेश-रक्षक म्हणता येईल. जीसीसी व क्लँग हे कंपायलर असा रक्षक ओळखतात आणि ते हेडर दुसऱ्यांदा उघडतही नाहीत. परंतु रक्षकामुळे चक्र सुटत नाही. 'अ.एच' जर 'आ.एच'ला आणि 'आ.एच' जर 'अ.एच'ला मागवत असेल, तर रक्षक केवळ अनंत पुनरावृत्ती थांबवतो. प्रथम 'अ.एच' उघडले गेले असेल, तर 'आ.एच' वाचले जात असताना 'अ.एच'मधील पुढच्या व्याख्या अद्याप आलेल्याच नसतात. 'आ.एच'ला त्यांची गरज असल्यास 'अनोळखी प्रकार' अशी तक्रार निघते, आणि ती ज्या ओळीवर निघते तेथे चूक काहीच नसते. प्रथम 'आ.एच' उघडणारी दुसरी एखादी फाइल मात्र सुरळीत कंपाइल होऊ शकते. क्रमावर अवलंबून असलेला हा दोष शोधण्यास विशेष चिवट असतो.

पूर्वेतिहास

१९७५ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत कर्नेलची प्रत्येक स्रोत फाइल आपल्याला लागणाऱ्या हेडरांची सरळ यादी माथ्यावर देत असे: पॅरम.एच, यूजर.एच, प्रोक.एच, टेक्स्ट.एच, आयनोड.एच इत्यादी. या यादीचा क्रम महत्त्वाचा होता. प्रक्रियांची कमाल संख्या (५०) पॅरम.एचमध्ये दिलेली होती आणि प्रोक.एचमधील प्रक्रियांचा तक्ता त्याच संख्येच्या आकाराचा होता. आजच्या संकेतांप्रमाणे हेडरमध्ये केवळ घोषणा असावी. त्या काळी तक्ताच हेडरमध्ये असे आणि निरनिराळ्या फायलींतील त्याच्या प्रती एकत्र करण्याचे काम लिंकरवर सोडलेले असे. संपूर्ण कर्नेल एका माणसाला वाचून होईल एवढा असल्याने ही व्यवस्था चालून गेली.

रॉब पाईक यांनी १९८९ च्या 'नोट्स ऑन प्रोग्रॅमिंग इन सी' या टिपणात एक टोकाची भूमिका मांडली: हेडरने दुसरे हेडर कधीच मागवू नये, कोणती हेडरे आधी लागतात ते टिपणीत लिहावे आणि मागवण्याचे काम स्रोत फाइलवर सोपवावे. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हाच संकेत पाळला गेला. लिनक्सने याउलट मार्ग धरला. तेथे प्रत्येक हेडरने आपल्याला लागणारे सर्व काही स्वतः मागवावे अशी अपेक्षा असते. दहा हजार हेडरांच्या प्रकल्पात पाईक यांचा नियम व्यवहार्य नाही. तथापि हेडरांतून हेडरे मागवल्यास खर्च नजरेआड वाढत जातो, हा त्यांचा इशारा लिनक्सच्या अनुभवाने खरा ठरवला.

पूर्ण व अपूर्ण प्रकार

अवलंबित्व कमी करण्याचे बहुतेक उपाय सी भाषेच्या एका नियमावर उभे आहेत. एखाद्या संरचनेचा केवळ पॉइंटर हाताळावयाचा असेल, तर तिची व्याख्या ठाऊक असण्याची गरज नसते. 'स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट;' एवढी एक ओळ पुरते. यास पूर्वघोषणा म्हणतात आणि अशा संरचनेस अपूर्ण प्रकार. मात्र ती संरचना दुसऱ्या संरचनेत जशीच्या तशी अंतर्भूत करावयाची असेल, तिचा आकार हवा असेल किंवा तिच्या एखाद्या घटकाला हात लावावयाचा असेल, तर पूर्ण व्याख्या लागतेच.

एक्स८६ प्रोसेसरसाठीचे करंट.एच हे या नियमाचे नमुनेदार उदाहरण आहे. चालू प्रक्रियेचा पॉइंटर देणारे 'करंट' हे नाव कर्नेलमध्ये सर्वत्र वापरले जाते. तरीही त्याची व्याख्या करणारे हे हेडर टास्क_स्ट्रक्टची पूर्ण व्याख्या मागवत नाही, पूर्वघोषणेवर भागवते. लिनक्सच्या लेखनशैलीत टाइपडेफचा वापर टाळावा असे सांगितले जाते. त्याची मुख्य कारणे वाचनसुलभतेची आहेत. पण संरचना तिच्या मूळ नावाने लिहिली की तिची पूर्वघोषणा कोठेही निर्धोकपणे करता येते, हा त्याचा दुय्यम लाभही कमी महत्त्वाचा नाही.

अडचण येते ती इनलाइन फंक्शनांमुळे. वेगासाठी कर्नेलमध्ये असंख्य छोटी फंक्शने हेडरमध्येच लिहिलेली असतात. त्यांपैकी एखाद्याने संरचनेच्या घटकाला हात लावला की पूर्ण व्याख्या आवश्यक होते आणि तिच्यामागोमाग तिच्या घटकांच्या व्याख्या देणारी हेडरेही येतात. यावर दोन तोडगे रूढ आहेत. पहिला तोडगा म्हणजे फंक्शनऐवजी मॅक्रो वापरणे. मॅक्रोचा मजकूर तो वापरला जातो त्या जागी उलगडत असल्याने व्याख्या तोवर आलेली असली म्हणजे झाले. एक्स८६च्या प्रीएम्प्ट.एचमध्ये काही नावे हेडरांच्या पुनरावृत्तीच्या नरकातून सुटण्यासाठी मॅक्रोच ठेवावी लागतात, अशा अर्थाची टीप आहे. या तोडग्यात प्रकारांची तपासणी गमवावी लागते, त्यामुळे तो नाइलाजाचाच समजला जातो.

दुसरा आणि अधिक प्रतिष्ठित तोडगा म्हणजे प्रकार आणि क्रिया यांची फारकत. एका हेडरमध्ये केवळ संरचनांच्या व्याख्या ठेवावयाच्या आणि त्यांवर काम करणारी फंक्शने दुसऱ्यात. स्पिनलॉकसाठी स्पिनलॉक_टाइप्स.एच व स्पिनलॉक.एच अशी विभागणी आहे, स्मृतिव्यवस्थापनासाठी एमएम_टाइप्स.एच आहे. स्पिनलॉक.एचच्या माथ्यावर एकाहून अधिक प्रोसेसरांच्या व एकाच प्रोसेसरच्या यंत्रांसाठी कोणते हेडर कोणत्या क्रमाने काय पुरवते याची छोटी अनुक्रमणिकाच दिलेली आहे. हेडरांची गुंतागुंत शिकू इच्छिणाऱ्याने ती अवश्य वाचावी. दुवा-यादीसाठीची लिस्ट_हेड ही संरचना लिस्ट.एचमध्ये न ठेवता टाइप्स.एच या मूलभूत हेडरमध्ये ठेवलेली आहे, तीही याच कारणासाठी. यादी अंतर्भूत करणाऱ्या संरचनांची संख्या फार मोठी आहे. यादीवरील क्रिया त्या हेडरांना क्वचितच लागतात.

काही चक्रे या उपायांनीही सुटत नाहीत. स्मृतीचे किती विभाग आहेत ही संख्या एका एनममधून ठरते. परंतु प्रीप्रोसेसरला एनमची किंमत कळत नाही आणि ती तर '#इफ'मध्ये हवी असते. म्हणून कर्नेलची बांधणी सुरू होण्यापूर्वी बाउंड्स.सी ही छोटी फाइल असेंब्लीत रूपांतरित केली जाते, तिच्यातून संख्या वेचून काढल्या जातात आणि त्यांचे बाउंड्स.एच हे हेडर तयार होते. गंमत अशी की बाउंड्स.सीला जे एमएमझोन.एच लागते, त्याला स्वतःला बाउंड्स.एच हवे असते. हे चक्र तोडण्यासाठी बाउंड्स.सी आरंभीच एक खूण-मॅक्रो जाहीर करते आणि ती दिसल्यास एमएमझोन.एच आपला पुढील भाग गाळते. असेंब्ली भाषेतील भागांना संरचनांमधील घटकांची स्थाने कळावीत म्हणून प्रत्येक प्रोसेसरसाठी असलेली एएसएम-ऑफसेट्स.सी ही फाइलही याच युक्तीने चालते.

स्केड.एचची समस्या

लिनक्समधील प्रत्येक प्रक्रियेचे वर्णन टास्क_स्ट्रक्ट या संरचनेत असते आणि तिची व्याख्या स्केड.एच या हेडरमध्ये आहे. शेड्यूलर, स्मृती, संकेत, फायली, सुरक्षा, नामावकाश, कार्यक्षमतेचे मोजमाप अशा जवळपास प्रत्येक उपव्यवस्थेला प्रक्रियेसोबत काहीतरी साठवावयाचे असते. प्रत्येक जण या संरचनेत आपला घटक ठेवतो. घटक पॉइंटर नसून अंतर्भूत असेल, तर त्याच्या प्रकाराचे हेडर स्केड.एचने मागवणे भाग पडते. उलट बाजूने पाहता, 'करंट'च्या एखाद्या घटकाला हात लावणाऱ्या प्रत्येक फाइलला स्केड.एच हवे असते. अशा रीतीने हे हेडर सर्वांना पुरवणारे आणि सर्वांकडून घेणारे, दोन्ही झाले.

२०१७ पूर्वी या एका फाइलमध्ये तीन हजारांहून अधिक ओळी होत्या. शेड्यूलरचे देखभालकर्ते इंगो मोल्नार यांनी तिची विभागणी केली आणि संकेत, स्मृती, प्रक्रियांची निर्मिती, घड्याळ इत्यादींसाठी 'स्केड' या उपनिर्देशिकेत स्वतंत्र हेडरे निर्माण केली. हा बदल ४.११ या आवृत्तीत आला. टास्क_स्ट्रक्ट मात्र जागीच राहिली, आणि खरे ओझे तिचेच होते.

सफाईच्या मोहिमा

२०१० ची मोहीम या विषयाचे स्वरूप सर्वांत स्पष्ट करते. परसीपीयू.एच हे हेडर स्केड.एच व मॉड्यूल.एच या दोन्हींतून मागवले जात असे. त्यामुळे ते बहुतेक स्रोत फायलींपर्यंत पोहोचे. ते स्वतः स्लॅब.एच मागवे आणि स्लॅब.एच जीएफपी.एचला. परिणामी स्मृती मागण्याची केमॅलॉकसारखी फंक्शने कर्नेलभर कोणालाही न मागता उपलब्ध होती. तेजुन हेओ यांना परसीपीयू.एचमधून स्लॅब.एच काढावयाचे होते. तसे थेट केले असते तर कर्नेलचा मोठा भाग कोसळला असता, म्हणून त्यांनी प्रथम एक पायथन आज्ञावली लिहिली. ती प्रत्येक फाइल तपासून तिला खरोखर कोणते हेडर लागते ते ठरवत असे आणि नवी ओळ जेथे घालावयाची तेथील मूळ लेखकाने यादी वर्णानुक्रमे लावली आहे की लांबीनुसार, हेही पाहून योग्य जागा निवडत असे. चार हजारांहून अधिक फायलींवर काम झाले: सुमारे ७०० समावेश काढले गेले, जीएफपी.एचचे सुमारे ४८० आणि स्लॅब.एचचे सुमारे ३,००० समावेश नव्याने लिहिले गेले. हा बदल २.६.३४ या आवृत्तीत आला. सफाईच्या नावाखाली ओळी घटण्याऐवजी वाढल्या हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु त्या हजारो फायली स्लॅब.एचवर आधीपासूनच अवलंबून होत्या. २०१० मध्ये ते केवळ लिहून ठेवले गेले.

पुढील वर्षी पॉल गॉर्टमेकर यांनी मॉड्यूल.एचकडे लक्ष वळवले. कर्नेलमधील अनेक फायली मॉड्यूल नसतात. त्यांना केवळ आपले एखादे फंक्शन इतरांसाठी खुले करणारा 'एक्सपोर्ट_सिम्बॉल' हा मॅक्रो हवा असतो. तेवढ्यासाठी त्या मॉड्यूल.एच हे जाडजूड हेडर मागवत. ३.२ या आवृत्तीत एक्सपोर्ट.एच हे छोटे हेडर वेगळे करण्यात आले. २०१२ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी वापरकर्त्याच्या आज्ञावल्यांना दिसणाऱ्या व्याख्या 'यूएपीआय' या निर्देशिकेत हलवल्या (आवृत्ती ३.७). तोवर एकाच हेडरमध्ये अंतर्गत आणि बाह्य मजकूर एका प्रीप्रोसेसर-अटीने विभागलेला असे. विभागणीमुळे काही चक्रे तुटलीच, शिवाय कोणती व्याख्या बदलल्यास वापरकर्त्यांच्या आज्ञावल्या मोडतील हे निर्देशिकेच्या नावावरूनच कळू लागले.

कर्नेल.एच हे हेडर तर दीर्घकाळ अडगळीची खोली बनले होते. संदेश छापणे, लहान-मोठा निवडणे, मजकुराची संख्या करणे, संरचनेच्या घटकावरून संरचना शोधणे, असे ज्याला अन्यत्र घर नव्हते ते सारे तेथे जाई. अँडी शेवचेन्को यांनी २०२० पासून त्याचे तुकडे वेगळे काढण्यास आरंभ केला. मिनमॅक्स.एच (५.१०), मॅथ.एच (५.११), केएसटीआरटूएक्स.एच (५.१४) व कंटेनर_ऑफ.एच (५.१६) ही त्यातून निघालेली हेडरे होत. विभागणीने सर्व खर्च वाचतो असे मात्र नाही. २०२४ मध्ये मिनमॅक्स.एचमधील मॅक्रो एकात एक वापरल्यामुळे एक्स८६वरील एका फाइलमधली एकच ओळ उलगडल्यावर ४७ मेगाबाइटची होते, असे आढळले. ती ओळ लिहिणाऱ्याने वावगे असे काहीच लिहिले नव्हते.

२०२२ चा 'फास्ट कर्नेल हेडर्स' प्रस्ताव

२ जानेवारी २०२२ रोजी इंगो मोल्नार यांनी २,२९७ पॅचांचा संच चर्चेसाठी मांडला. त्यांनी २०२० च्या अखेरीस काम सुरू केले तेव्हा ५० ते १०० पॅच पुरतील असा त्यांचा अंदाज होता. पहिले दोन प्रयत्न त्यांनी टाकून दिले. शेकडो पॅच लिहूनही बांधणीचा वेग जेमतेम ४ टक्के वाढत होता. तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी टास्क_स्ट्रक्टमधील अनेक घटक एका नव्या यंत्रणेमागे नेले. त्यामुळे त्या घटकांचे प्रकार स्केड.एचला ठाऊक असण्याची गरज उरली नाही. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार त्यांच्या यंत्रावर संपूर्ण बांधणीचा वेळ सुमारे २३१ सेकंदांवरून १३० सेकंदांवर आला. संचाने २५ हजारांहून अधिक फायलींना स्पर्श केला होता. यात सुमारे १ लाख ७८ हजार ओळी जोडल्या आणि सुमारे ७५ हजार काढल्या गेल्या.

हा संच मुख्य शाखेत समग्रपणे दाखल झाला नाही. एवढा व्यापक बदल इतर देखभालकर्त्यांच्या चालू कामाशी जागोजागी टक्कर घेतो, आणि बांधणी जलद करण्यासाठी प्रक्रियेच्या घटकांपर्यंत पोहोचण्याची सवयीची पद्धत बदलणे हा लहान सौदा नव्हे. शेड्यूलरपुरता भाग ५.१८ मध्ये आला. त्यात एक लक्षणीय उपाय होता: शेड्यूलरच्या अनेक छोट्या स्रोत फायली बिल्ड_पॉलिसी.सी आणि बिल्ड_युटिलिटी.सी या दोन फायलींत '#इन्क्लूड' करण्यात आल्या. '.सी' फाइल दुसऱ्या '.सी' फायलीत मागवणे एरवी अशिष्ट समजले जाते. येथे मात्र तेच हेडरांचे ओझे प्रत्येक फाइलसाठी पुन्हा वाहण्याऐवजी सर्वांनी मिळून एकदाच वाहिले.

स्केड.एचचा प्रश्न २०२४ मध्ये वेगळ्या वाटेने पुढे आला. कर्नेलमध्ये कोणती ओळ किती स्मृती मागते याची नोंद ठेवणारी सुविधा आणावयाची होती. तिच्यासाठी चालू प्रक्रियेच्या संरचनेत एक खूण ठेवावी लागणार होती, म्हणजेच स्मृती मागण्याच्या हेडरांना स्केड.एच लागणार होते. स्केड.एच तर त्याच हेडरांवर आधीच अवलंबून होते. म्हणून केंट ओव्हरस्ट्रीट यांनी ६.८ या आवृत्तीत अनेक नवी '_टाइप्स.एच' हेडरे वेगळी काढली आणि स्केड.एचला निव्वळ प्रकारांचे हेडर बनवण्याच्या दिशेने नेले. मूळ सुविधा ६.१० मध्ये आली. हेडरांची सफाई ही केवळ नीटनेटकेपणाची हौस नसून एखादी सुविधा येऊ शकेल की नाही हे तिच्यावर ठरू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बांधणी यंत्रणेतील अवलंबित्व

हेडर बदलल्यावर कोणत्या फायली पुन्हा कंपाइल करावयाच्या हे मेक या साधनाला कळावे लागते. ही यादी कंपायलर स्वतः तयार करून देतो. लिनक्समध्ये तिच्यात एक अडचण उद्भवते. वापरकर्त्याने निवडलेले सर्व पर्याय ऑटोकॉन्फ.एच या एकाच हेडरमध्ये लिहिलेले असतात आणि ते केकॉन्फिग.एचमार्फत प्रत्येक फायलीत सक्तीने समाविष्ट होते. यादी जशीच्या तशी ठेवल्यास एक पर्याय बदलताच संपूर्ण कर्नेल पुन्हा बांधावा लागेल. हे टाळण्यासाठी फिक्सडेप हे छोटे साधन यादीतून ऑटोकॉन्फ.एच वगळते, फाइलच्या व तिने मागवलेल्या हेडरांच्या मजकुरात 'कॉन्फिग_' ने सुरू होणारी नावे शोधते आणि प्रत्येक पर्यायासाठी ठेवलेल्या रिकाम्या खूण-फाइलवर अवलंबित्व नोंदवते. येथेही अनावश्यक हेडरांची किंमत मोजावी लागते: ज्या पर्यायाशी आपला संबंध नाही, तो निव्वळ दूरच्या एका हेडरमध्ये उल्लेखिला असल्याने आपली फाइल पुन्हा कंपाइल होते.

संकेत, तपासणी आणि मतभेद

कर्नेलच्या अधिकृत दस्तऐवजात पॅच पाठवण्यापूर्वी तपासावयाच्या बाबींची यादी आहे. जी सुविधा वापरता तिचे हेडर स्वतः मागवा, दुसरे हेडर ते आणून देईल यावर विसंबू नका, असे त्यात सांगितले आहे. प्रोसेसरविशिष्ट 'एएसएम' हेडरऐवजी त्याच नावाचे 'लिनक्स' हेडर उपलब्ध असल्यास तेच घ्यावे, असा दुसरा संकेत आहे. दोन्हींचे उल्लंघन एक्स८६वर सहसा लक्षात येत नाही. त्या प्रोसेसरची हेडरे बरेच काही आडून आणून देतात. तीच फाइल दुसऱ्या प्रोसेसरवर किंवा एखादा पर्याय बंद केल्यावर मोडते. म्हणून सर्व पर्याय चालू, सर्व बंद आणि यादृच्छिक अशा निरनिराळ्या जुळण्यांनी बांधून पाहण्याची प्रथा आहे.

तपासणीसाठी काही साधने कर्नेलसोबतच येतात. 'मेक हेडरडेप' ही आज्ञा समावेशाची चक्रे शोधते आणि 'मेक इन्क्लूडचेक' एकाच फायलीत दोनदा मागवलेली हेडरे दाखवते. जीसीसीला '-एच' हा पर्याय मोठ्या लिपीत दिल्यास कोणते हेडर कोणामार्फत आले याची उतरंड मिळते. क्लँगवर आधारित 'इन्क्लूड व्हॉट यू यूज' हे बाह्य साधन अनावश्यक व हरवलेली हेडरे सुचवते. कर्नेलमध्ये त्याचा सल्ला डोळे मिटून घेता येत नाही, कारण एका जुळणीत अनावश्यक ठरलेले हेडर दुसऱ्या जुळणीत अत्यावश्यक असू शकते.

प्रत्येक हेडर एकटेच कंपाइल करून ते स्वयंपूर्ण आहे का हे पाहणारी चाचणी २०१९ मध्ये ५.३ या आवृत्तीत आणली गेली. काहींच्या मते ती उपयुक्त होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र तिच्याविषयी प्रतिकूल मत दिले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ती काढून टाकण्याचा बदल तयार झाला, तो ५.५ मध्ये आला. वापरकर्त्यांना दिल्या जाणाऱ्या यूएपीआय हेडरांपुरती चाचणी तेवढी ठेवण्यात आली, कारण ती हेडरे चुकल्यास कर्नेलच्या स्वतःच्या बांधणीत ते दिसण्याची दुसरी सोय नव्हती. अंतर्गत हेडरांविषयी प्रश्न अजूनही दोन बाजूंनी पाहिला जातो. काही हेडरे विशिष्ट संदर्भातच वापरावयाची असतात. त्यांना स्वयंपूर्ण बनवण्यासाठी आणखी हेडरे जोडावी लागली, तर मूळ ओझे वाढतेच.

रस्ट भाषेच्या प्रवेशानंतर या प्रश्नाला एक नवी बाजू आली आहे. सी हेडरांतील घोषणांवरून रस्टसाठीचे दुवे आपोआप तयार केले जातात; परंतु इनलाइन फंक्शने आणि फंक्शनसदृश मॅक्रो त्या पद्धतीने पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी सी भाषेत छोटी साहाय्यक फंक्शने हाताने लिहून 'रस्ट' निर्देशिकेत ठेवावी लागतात. हेडर-चक्र टाळण्यासाठी पूर्वी ज्या फंक्शनांचे मॅक्रो करण्यात आले, त्यांपैकी ज्यांची रस्टला गरज पडते, त्यांना आता तेथे पुन्हा फंक्शनचे रूप द्यावे लागते.